यंत्राचें बळ मोजणारा तराजू

आपण बाजारांत ज्वारी घेतों ती तराजूनें जोखून, कापड घेतों तें मोजपट्टीनें मापून आणि दूध घेतों तें मापानें. माप आपल्या डोळ्यांसमोर होतें, आणि संशय आला तर तीच वस्तु दुसऱ्या दुकानीं नेऊन पुन्हां जोखतां येते. परंतु एक वस्तु अशी आहे कीं, तिच्यासाठीं आपण हजारों रुपये मोजतों आणि तरीहि ती सहसा जोखून घेत नाहीं. ती वस्तु म्हणजे यंत्राचें बळ. विहिरीवर पांच अश्वशक्तींचें एंजिन बसविलें, असें शेतकरी अभिमानानें सांगतो. पण ही पांच अश्वशक्ति कोणीं मोजली? एंजिनाच्या अंगावर धातूची एक पट्टी असते, तिच्यावर आकडा कोरलेला असतो, आणि त्या आकड्यावर आपण विश्वास ठेवतों. विश्वास ठेवूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु हा आकडा कोठून आला, तो पडताळण्याची विद्या कोणीं शोधली, आणि ती विद्या विकणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हातीं कशी आली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तोच आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

अश्वशक्ति ह्या शब्दांत घोडा शिरला तो कांहीं कविकल्पनेनें नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील खाणी इतक्या खोल गेल्या होत्या कीं, त्यांत सांचणारें पाणी उपसण्यासाठीं घोड्यांचे रहाट फिरवीत राहावे लागत. थॉमस सेव्हरी ह्यानें १६९८ सालीं वाफेच्या साहाय्यानें पाणी चढविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि १७०२ सालीं त्या यंत्राची माहिती देणारें पुस्तक छापलें. खाणमालकास वाफेचें बळ समजावून द्यावयाचें, तर त्याच्या ओळखीच्या बळाशीं तुलना करणें भाग होतें. सेव्हरीनें हिशेब मांडला तो असा : यंत्र एका वेळीं दोन घोड्यांइतकें पाणी उपसत असेल, तर तेवढें काम अखंड चालू ठेवण्यास दहा-बारा घोडे पदरीं बाळगावे लागतात; म्हणून तें यंत्र दहा-बारा घोड्यांचें मानावें. आमच्याकडे ज्यांनीं मोट हांकली आहे त्यांस हा हिशेब चटकन् उमजेल. नाड्याला जुंपलेली जोडी एक असली, तरी दिवसभर मोट चालवावयाची तर गोठ्यांत दुसरी जोडी लागते. सेव्हरीचा हिशेब खोटा नव्हता. मात्र तो विकणाऱ्यानें मांडलेला होता, आणि घोडा नेमका केवढ्या बळाचा, हें कोणीं ठरविलेलें नव्हतें.

हें ठरविण्याचें काम जेम्स वॉट ह्याच्या वांट्यास आलें. त्यानें १७६९ सालीं आपल्या सुधारलेल्या वाफयंत्राचें पेटंट घेतलें, आणि १७७५ पासून मॅथ्यू बोल्टन ह्या कारखानदाराच्या भागींत धंदा आरंभिला. त्यांची विक्रीची रीत मोठी चतुर होती. खाणीवर यंत्र बसवावें. जुन्या न्यूकोमेन-यंत्राच्या मानानें कोळशाची जी बचत होईल, तिचा तिसरा हिस्सा मालकानें दरसाल ह्या भागीदारीस द्यावा. कॉर्नवॉलच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गें वेल्समधून आणावा लागे, तेव्हां बचतीचें महत्त्व तेथें फार. यंत्राच्या तुळईनें किती हेलकावे घेतले, तें मोजणारें एक गणकयंत्र कुलूपबंद पेटींत ठेवलेलें असे. ज्या व्यवहारांत मापाला कुलूप घालावें लागतें, त्यांत उभयपक्षीं संशय असतोच. पुढें कित्येक खाणमालकांनीं रकमा थकविल्या आणि प्रकरणें न्यायालयांत गेलीं.

खाणींपाठोपाठ गिरण्या व मद्याचे कारखाने गिऱ्हाईक म्हणून आले, तेव्हां नवीच अडचण उभी राहिली. तेथें पूर्वीं वाफयंत्र नव्हतेंच. चक्राला घोडे जुंपलेले असत. मग बचत कशाच्या मानानें मोजावयाची? वॉटनें घोड्यालाच माप केलें. दळणाच्या चक्रास जुंपलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळांत तासाला १४४ फेरे घालतो आणि १८० पौंडांच्या जोरानें ओढतो, असें धरलें म्हणजे त्याचें काम दर मिनिटास सुमारे ३२,५०० फूट-पौंड होतें. १७८३ च्या सुमारास हा आकडा ३३,००० असा पक्का झाला. ३३,००० पौंडांचें वजन एका मिनिटांत एक फूट उचलावयाचें, ही झाली एक अश्वशक्ति. आजच्या परिमाणांत सांगावयाचें तर दर सेकंदास सुमारे ७६ किलो वजन एक मीटर उचलावयाचें. विजेच्या भाषेंत ७४६ वॉट. दिवसभर राबणाऱ्या साधारण घोड्यास एवढें काम झेपत नाहीं. वॉटनें आपला घोडा जाणूनबुजून दांडगा धरला, तो अशासाठीं कीं, दहा घोडे काढून दहा अश्वशक्तींचें यंत्र घेणाऱ्यास फसल्यासारखें वाटूं नये. अशा यंत्राबद्दल लंडनांत दर अश्वशक्तीस सालीना सहा पौंड आणि इतरत्र पांच पौंड आकारीत. अश्वशक्ति हें अशा रीतीनें प्रथम भाडें ठरविण्याचें माप होतें. शास्त्राचें माप तें पुढें झालें.

परंतु घोड्याचें माप ठरलें, तरी एखाद्या यंत्रांत असे किती घोडे आहेत, हें कसें जाणावयाचें? वॉटचा सहायक जॉन सदर्न ह्यानें १७९६ च्या सुमारास एक सुंदर युक्ति काढली. सिलिंडरांतील वाफेचा दाब दट्ट्याच्या चालीबरोबर कसा चढतो व उतरतो, त्याची आकृति पेन्सिलीनें कागदावर आपोआप उमटेल, अशी योजना त्यानें केली. त्या आकृतीच्या क्षेत्रफळावरून वाफेनें केलेलें काम काढतां येई. ही युक्ति बोल्टन आणि वॉट ह्यांनीं कित्येक वर्षें गुप्त ठेवली. म्हणजे यंत्राचें खरें बळ पाहण्याचा डोळा विकणाऱ्यापाशींच राहिला. शिवाय ह्या आकृतींत दिसे तें सिलिंडरांतील बळ. त्यांतील कांहीं भाग यंत्राचे स्वतःचे सांधे, दट्टे व धारवे फिरविण्यांतच खर्चीं पडतो. गिऱ्हाइकाच्या उपयोगीं पडतें तें फिरत्या आंसावर उरलेलें बळ. आणि तें ह्या कागदावर उमटत नसे.

तें मोजण्याचा सरळ मार्ग फ्रान्सांत निघाला. गास्पार द प्रोनी हा पूल व रस्ते बांधण्याचें शिक्षण देणाऱ्या पॅरिस येथील प्रख्यात विद्यालयाचा संचालक होता. त्यानें १८२१ सालीं एक साधन योजिलें, तें आजहि त्याच्या नांवानें ओळखलें जातें. फिरत्या आंसाला दोन्हीं बाजूंनीं लांकडाचे दोन ठोकळे बोल्टांनीं आंवळावयाचे. ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडावयाचा. आंस फिरूं लागला म्हणजे तो घर्षणानें ठोकळ्यांसह दांडाहि फिरवूं पाहतो. पण दांड्याच्या टोंकास वजन टांगून त्याला आडवा, स्थिर धरावयाचा. बोल्ट आंवळीत जावें, वजन वाढवीत जावें, आणि यंत्र ठरलेल्या वेगानें, न दमतां फिरत असेल तेवढ्यावर थांबावें. एवढेंच तें शक्तिमापक.

ह्याचा हिशेब चौथी-पांचवीच्या मुलासहि करतां येण्याजोगा आहे. समजा, दांडा आंसाच्या मध्यापासून अर्धा मीटर लांब आहे, टोंकावर १० किलो भार पडतो आहे, आणि आंस मिनिटाला १५०० म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेतो आहे. दांडा मोकळा असता, तर त्याच्या टोंकानें एका फेऱ्यांत ३.१४ मीटरांचें वर्तुळ कापलें असतें. तेव्हां एका फेऱ्याचें काम ३१.४ किलो-मीटर, आणि सेकंदाला २५ फेऱ्यांचें ७८५. ह्याला ७६ नीं भागावें. उत्तर आलें १०.३ अश्वशक्ति. सुताराचें लांकूड, लोहाराचे बोल्ट, दुकानदाराचें वजन आणि हातांतलें घड्याळ, ह्यांपलीकडे कांहीं लागलें नाहीं. यंत्र बनविणाऱ्याची परवानगी तर मुळींच नको. माझ्या मतें प्रोनीच्या ह्या साधनाचें खरें थोरपण येथेंच आहे.

इंग्लंडांतील राजमान्य कृषिसंस्थेनें पुढें आपल्या वार्षिक प्रदर्शनांत शेतीकामाच्या वाफयंत्रांच्या परीक्षा अशाच ब्रेकनें घेण्यास आरंभ केला. त्यामुळें यंत्रें सुधारलीं, आणि कोळसा कमी जाळण्याची चुरस लागली. परंतु माणसाचा स्वभाव असा कीं, माप आलें म्हणजे मापाला चकविण्याची कलाहि येते. कित्येक कारखानदार प्रदर्शनासाठीं मुद्दाम निराळें, नाजूक आणि शर्यतीच्या घोड्यासारखें यंत्र तयार करीत, निष्णात चालक आणीत आणि बक्षीस मिळवीत. शेतकऱ्याच्या वाड्यांत जें यंत्र येई तें अर्थात् निराळें. माप खरें होतें. मापलेली वस्तु मात्र विक्रीची नव्हती.

प्रोनीच्या ब्रेकला एक मोठी मर्यादा होती. यंत्राचें सारें बळ घर्षणांत जिरतें आणि त्याची उष्णता होते. काउंट रम्फर्ड ह्यानें १७९८ सालीं प्रसिद्ध केलेला म्यूनिचचा प्रयोग येथें आठवावा. घोडे जुंपून तोफेच्या धातूंत बोथट गिरमिट फिरविलें, भोंवतीं पाणी ठेवलें, आणि अडीच तासांनीं तें पाणी विस्तवावांचून उकळलें. पुढें जूल ह्या शास्त्रज्ञानें काम आणि उष्णता ह्यांचें प्रमाण निश्चित केलें. त्या प्रमाणानें पाहतां दहा अश्वशक्ति ब्रेकवर जिरविली, तर दहा लिटर पाणी दर मिनिटास सुमारे साडेदहा अंश तापतें. मग शेंकडों अश्वशक्तींचें यंत्र लांकडी ठोकळ्यांत धरलें तर लांकूड जळून कोळसा होणार, हें उघड आहे.

आगबोटींच्या एंजिनांपुढें म्हणूनच हा ब्रेक हरला. तेव्हां विल्यम फ्रूड ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७७ सालीं लांकडाऐवजीं पाण्यालाच ब्रेक केलें. एका बंद कोठींत आंसावर बसविलेलें एक चाक. चाकाच्या अंगावर वाट्यांसारखे खळगे, आणि समोर कोठीच्या अंगावरहि तसेच खळगे. मध्यें पाणी. चाक फिरलें म्हणजे पाणी त्याच्या खळग्यांतून उसळून कोठीच्या खळग्यांवर आदळतें आणि तिला आपल्याबरोबर ओढूं पाहतें. कोठी धारव्यांवर मोकळी टांगलेली, पण एका भुजेनें तराजूशीं बांधलेली. तराजूवर जो भार दिसतो त्यावरून पूर्वींचाच हिशेब करावयाचा. उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते, आणि कांहीं घांसत नसल्यामुळें जळतहि नाहीं. सुमारे २००० अश्वशक्तींचें एंजिन अशा यंत्रानें तोलतां येऊं लागलें. १८८१ पासून हीनन आणि फ्रूड ह्या कारखान्यानें तीं विक्रीसाठीं बनविलीं. पुढें १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत विंथर बंधूंनीं चुंबकाच्या ओढीवर चालणारें विद्युत्-शक्तिमापक काढलें. साधन बदललें, परंतु फिरत्या आंसाला अडवावें, अडविणाऱ्याला किती नेट लागला तें तोलावें आणि फेरे मोजावे, हें प्रोनीचें तत्त्व तेंच राहिलें.

जेथें हें तत्त्व सोडून केवळ कागदावर बळ ठरविलें, तेथें काय झालें तेंहि पाहण्याजोगें आहे. ब्रिटनमध्यें १ जानेवारी १९२१ पासून मोटारींवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा कर बसला. पण ही अश्वशक्ति ब्रेकवर मोजलेली नव्हती. सिलिंडरांची रुंदी व त्यांची संख्या ह्यांवरून एका सूत्रानें ती काढीत. दट्ट्याची चाल किती लांब, हा प्रश्न सूत्रांत नव्हताच. परिणाम असा झाला कीं, कारखानदार अरुंद सिलिंडरांचीं आणि लांब चालीचीं एंजिनें बनवूं लागले. कर लहान, बळ मोठें! एका चुकीच्या मापानें एका देशाच्या एंजिनांची ठेवणच बदलून टाकली. अमेरिकेंत दुसरा प्रकार घडला. तेथें एंजिन उघडें, अवांतर ओझीं काढून मोजीत आणि तोच फुगलेला आकडा जाहिरातींत देत. १९७१-७२ च्या सुमारास पंखा, धूरनळी इत्यादि सर्व सामान चढवून मोजलेला निव्वळ आकडा देण्याची पद्धति आली; आणि तींच एंजिनें कागदावर एकाएकीं दुबळीं झालीं.

श्रोतेहो, हा झाला परदेशचा इतिहास. आपल्याकडेहि ह्या विद्येचें स्थान आहे. १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीनें व १९४६ सालीं पुण्यास निघालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सनें यंत्रें शेतकऱ्याच्या बांधावर आणून सोडलीं. मोटारींच्या परीक्षेसाठीं पुण्यास १९६६ सालीं संशोधनसंस्था स्थापन झाली. अभियांत्रिकी शाळांत दोरीच्या ब्रेकवर एंजिन तोलण्याचा प्रयोग विद्यार्थी आजहि करतात. परंतु हीं स्थानें सामान्य गिऱ्हाइकापासून दूर आहेत. तेव्हां प्रश्न असा कीं, हा तराजू लहान घरगुती कारखान्यांत आणतां येईल काय?

येतो, असें मी म्हणूं शकतों, कारण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो आणला आहे. घरामागील पत्र्याच्या पडवींत तो शेतीचीं आणि मोटारींचीं एंजिनें दुरुस्त करतो. त्यानें प्रथम एक जुनें पाण्याचें शक्तिमापक स्वस्तांत मिळालें म्हणून विकत घेतलें. तें मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ८० अश्वशक्ति जिरवीत असे. शेतीच्या १५०० फेऱ्यांच्या डिझेल-एंजिनाला तें जोडलें, तर एंजिनाला ओझें म्हणून लागेना. यंत्रांत दोष कांहींच नव्हता. पाण्याच्या ब्रेकची पकड वेगाच्या घनाच्या प्रमाणांत बदलते. वेग चौथाई झाला कीं पकड चौसष्टावा हिस्सा उरते. ८० चा चौसष्टावा हिस्सा म्हणजे जेमतेम सव्वा अश्वशक्ति! म्हणून शक्तिमापक घेतांना त्याची सर्वांत मोठी शक्ति किती, एवढेंच विचारूं नये. आपलें एंजिन ज्या वेगानें फिरतें त्या वेगावर तें किती पेलील, हें विचारावें. जुनें घेत असल्यास धारवे सैल झाले आहेत काय, पाणी गळतें काय आणि खळग्यांना कीड लागल्यासारखीं भोंकें पडलीं आहेत काय, तेंहि पाहावें.

मग त्यानें तें यंत्र मोटारींच्या एंजिनांसाठीं ठेवलें, आणि मंद डिझेलसाठीं स्वतः दोरीचा ब्रेक केला. एंजिनाच्या चाकाला दोराचा वेढा, एका टोंकास वजन, दुसऱ्या टोंकास कांट्याचा तराजू. वजनांतून तराजूचा आकडा वजा केला कीं खरा भार मिळतो. दोर जळूं नये म्हणून चाकाच्या पन्हळींत पाणी. मांडणीची कांहीं पथ्यें मात्र कडक आहेत. पाया जड आणि सपाट पाहिजे. पाण्याच्या यंत्राचा आंस आणि एंजिनाचा आंस एका रेषेंत पाहिजेत, नाहीं तर जोड तुटून तुकडा गोळीसारखा सुटतो. म्हणून जोडावर जाड पत्र्याचें कवच असावेंच. धूर नळीनें बाहेर सोडावा, कारण त्यांतील विषारी वायूला वास नसतो. पाण्याची टांकी मोठी असावी. आणि तराजू प्रत्येक परीक्षेपूर्वीं माहीत असलेल्या वजनानें पडताळावा. हवामानाचीहि नोंद ठेवावी. हवा विरळ झाली कीं एंजिनाचें बळ उतरतें. समुद्रकांठीं जें एंजिन दहा अश्वशक्ति देतें, तें सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरास पावणेनऊच्या आसपास देईल. हा एंजिनाचा दोष नव्हे.

ह्या तराजूनें काय साधलें, तें सांगतों. एकदां एका शेतकऱ्यानें तक्रार आणली कीं, दुरुस्तीनंतर एंजिनाचा जोर गेला, पाणी कमी पडतें. एंजिन दोरीवर चढविलें, तों त्याचें बळ पूर्ण निघालें. शोध घेतां पंपाचा पट्टा घसरत होता. दुसऱ्या एकाची तक्रार अशीच आली. तेव्हां मात्र ब्रेकनें पांच अश्वशक्तींच्या जागीं चारहि दाखविली नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें एंजिन पुन्हां उघडलें, झडपा पुन्हां बसविल्या आणि पैसे घेतले नाहींत. दोन्हीं वेळां शब्दाला शब्द वाढला नाहीं, कारण तराजू दोघांच्याहि डोळ्यांसमोर होता. पूर्वीं अशा तक्रारींतून गिऱ्हाईक तुटे आणि मनेंहि तुटत.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें ह्या आकड्याची किंमत लहान नाहीं. पंधरा मीटर खोलीच्या विहिरींतून एक अश्वशक्ति दर सेकंदास फार तर पांच लिटर पाणी उचलील, आणि पंपांतील व नळांतील तूट धरतां त्याच्या निम्म्याच्या आसपासच हातीं येईल. एक अश्वशक्ति कमी भरली, तर तेवढें पाणी दर सेकंदास कमी; उन्हाळ्यांत त्याचा अर्थ उसाचा एखादा वाफा वाळणें असा होतो, आणि डिझेल तर जळतच राहतें.

वॉटच्या काळीं माप कुलूपांत होतें, सदर्नची आकृति गुप्त होती. प्रोनीनें तें माप चार लांकडांवर उघड्यावर आणून ठेवलें, त्यास दोनशें वर्षें होऊन गेलीं. ज्या गांवांत पन्नास एंजिनें चालतात, तेथील सहकारी सोसायटीनें किंवा शाळेच्या उद्योगशाळेनें एक दोर, एक कांटा आणि एक फेरेमापक ठेवणें मुळींच अवघड नाहीं. हिशेब शाळेंतलीं मुलें करतील, आणि त्यांना गुणाकार-भागाकार कशासाठीं शिकावयाचा तेंहि कळेल. धान्याचा तराजू प्रत्येक गांवीं आहे. यंत्राचा तराजूहि असावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.